आप्पांनी धरलेली जागा

मे २००५, शेवटचा शुक्रवार, दुपार. स्थळ: इटलीतलं मिलान शहर, किल्ल्यासमोरचा ट्रामचा स्टॉप. हजर: मी, आमचे विलासराव, पाटील सर, पाटील वहिनी, बेकरीवाले मुल्ला, मुल्लाभाभी आणि गौराक्का. गैरहजर: आप्पा शेटे. कारण: जागा धरायला पुढे गेले आहेत.

चार माणसं घेऊन कुठेही निघाले की मी हजेरी घेते. शाळेत पर्यवेक्षिका म्हणून इतकी वर्षं काढली, ती सवय काही जात नाही. आणि चार माणसांत आप्पा असले की गैरहजरीचा रकाना रिकामा राहत नाही. आजवर कारणही कधी बदललेलं नाही.

कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आप्पांचं बारदानाचं दुकान आहे. पोती, सुतळी, ताडपत्री. माणूस मूळचा नेसरीचा, ताडमाड उंच, आवाज असा की दुकानातून हाक मारली तर गल्लीच्या दुसऱ्या टोकाची माणसं 'ओ' देतात. वयानं लहान असो की मोठी, बाई दिसली की 'अक्का'; पुरुष दिसला की 'पावणं'. आणि सदऱ्याच्या दोन्ही खिशांत, पायजम्याच्या खिशात, शिवाय खांद्यावर, लाल चौकटीचे मोठे रुमाल. घाम पुसायला एकही नाही. सगळे जागा धरायला.

एसटीत रुमाल टाकून जागा धरतात हे कुणाला सांगायला नको. पण बाकीचे लोक गरज पडली तर धरतात, आप्पा व्रत घेतल्यासारखे धरतात. गाडी स्टँडात वळली की ते तिच्याबरोबर पळत सुटतात, उघड्या खिडकीतून रुमाल आत सोडतात आणि मग दाराकडे ढुंकूनही न बघता सावकाश आपल्या माणसांकडे परत येतात. "झालं काम. चला निवांत." दाराशी रेटारेटी करणाऱ्यांची त्यांना कीव येते. आणि एखादा नवखा रुमाल सारून बसलाच, तर आप्पा भांडत नाहीत. त्याच्यासमोर उभे राहून हळूच विचारतात, "पावणं, रुमालाला हात लावलासा व्हय? न्हाय, काय न्हाय. आमच्या आजारी मंडळींचा हुता." पावणं चटका बसल्यासारखं उठतं. आजारी मंडळी, म्हणजे गौराक्का, त्या वेळी खाली उभ्या राहून भाजलेलं कणीस खात असतात.

हे एसटीपुरतं असतं तर मी लिहायला बसले नसते. कुस्त्यांच्या मैदानात आप्पा सकाळीच दुकानातलं पोतं अंथरून येतात. अख्खी गल्ली संध्याकाळी जाऊन आरामात बसते. लग्नात अक्षता पडायच्या आधी दुसऱ्या पंगतीच्या खुर्च्यांवर रुमाल पडलेले असतात. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर आप्पा दुकान उघडायच्या आधी रुमाल टाकून यायचे. पुढे पुढे ते डॉक्टरच कंपाउंडरला सांगायचे, "तो रुमाल आत घे, म्हातारी आली असेल."

एकदा गल्लीतल्या एका वयस्कर गृहस्थांना पोचवायला सगळे गेले होते. आप्पा तिथेही पुढे पळाले आणि पायऱ्यांवर सावलीची जागा धरली. मुल्ला त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "आप्पा, इथं तरी नका धरू." आप्पा शांतपणे म्हणाले, "पावणं, इथली आपल्या सगळ्यांची धरलेलीच हाय. मी फकस्त सावली बघतोय."

गल्लीतल्या आम्ही आठ जणांनी युरोपची टूर ठरवली, आणि असा माणूस परदेशी न्यायचा म्हणजे माझ्या यादीत एक जास्तीचं काम होतं. मी निघायच्या आधी बजावलं, "आप्पा, तिकडे सीटवर नंबर असतात. रुमाल नको."

"नंबर असूंदे की अक्का. नंबरवालं आलं म्हंजे उठू."

मुंबईच्या विमानतळावर ते सगळ्यांच्या पुढे विमानात शिरले. आम्ही आत गेलो तर अख्ख्या रांगेवर लाल चौकटी. हवाईसुंदरीने ते रुमाल गोळा केले, नीट घड्या घातल्या आणि ट्रेमधून त्यांना परत आणून दिले. मी शरमेनं खिडकीबाहेर बघत होते. पण थोड्या वेळानं तीच बाई सगळ्यांना तोंड पुसायला गरम रुमाल वाटत आली. आप्पांनी विजयी नजरेनं माझ्याकडे बघितलं. "बघितलासा? त्येंच्यात बी पद्धत हाय की!"

आता एक गोष्ट मी इतकी वर्षं बघत होते, पण माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. ती मला स्वित्झर्लंडमध्ये गौराक्कांनी सांगितली.

आमची टूरची बस होती वातानुकूलित, काचा कायमच्या बंद. गौराक्कांना बंद गाडी सोसत नाही. त्या खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसायच्या आणि शेजारी कधी पाटील वहिनी, कधी मी. आप्पांनी आपली पुढची जागा पहिल्याच दिवशी मुल्लाभाभींना देऊन टाकली होती, कारण त्यांना घाटात मळमळायचं. मग ते ड्रायव्हरशेजारी उभे राहिले. टूर मॅनेजरनं कायदा सांगून त्यांना हटवलं, तेव्हा सगळ्यात मागे एकटे जाऊन बसले; तिथंही कुणाला पाय पसरायचे असले की उठायचे.

तळ्याकाठी बस थांबली होती. मी गौराक्कांना लिंबाची गोळी दिली आणि विचारलं, "बरं वाटतंय का? काही हवंय?"

"मला काय नको, सुनंदा." त्यांनी गोळी गालात सरकवली. "एक सांगू? हसशील."

"नाही हसणार."

"मला एकदा ह्यांच्या शेजारी बसून कुठंतरी जायचंय."

मी हसलेच. "म्हणजे काय? तुम्ही तर कायम बरोबर असता."

"संगं असतोय. शेजारी न्हाय. आठवून बघ की. गाडीत जागा कोण धरतंय? हे. बसतंय कोण? मी, तू, तुझी सासू, मुल्ला, वाटंत भेटलेली कोणबी बाळंतीण. आणि हे कुठं असत्यात? दांडीला धरून हुबं. लगीन झाल्यापास्नं जागा रोज मिळाली बघ मला. शेजार एकदा बी मिळाला न्हाय."

मी आठवून बघितलं. कुस्तीच्या मैदानात आप्पा कडेला उभे. लग्नात आप्पा वाढपी. डॉक्टरांच्या दारात आप्पा पायरीखाली. मी रोजच्या रोज माणसं मोजणारी बाई, पण मी बसलेली माणसंच मोजत आले होते.

त्या दिवशी वहीत मी एक काम लिहिलं: आप्पांना गौराक्कांच्या शेजारी बसवणे.

हे काम वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. बोटीत दोघांना शेजारी बसवलं, तर एक जपानी आजोबा उभे दिसले आणि आप्पा उठले. डोंगरावरच्या रेल्वेत बसवलं, तर एका बाईच्या कडेवर मूल होतं. इटलीत शिरलो तेव्हा टूरचा एकच दिवस उरला होता.

त्या दिवशी सकाळी बसमधून मिलान बघताना गौराक्का अचानक सरळ बसल्या. बाहेर रस्त्यातून, मोटारींच्या गर्दीत, एक नारिंगी ट्राम घंटा वाजवत चालली होती. एकच डबा. आत लाकडी पट्ट्यांची बाकं, पितळी दांड्या, छताला दुधी काचेचे दिवे. आणि तिच्या काचा खाली सरकवलेल्या, कडेच्या बाईचे केस वाऱ्यावर.

"ही बघ गाडी!" गौराक्का म्हणाल्या. "हिला वारा लागतोय."

टूर मॅनेजर म्हणाला की त्या ट्राम १९२८ सालच्या आहेत, पण त्यात बघण्यासारखं काही नाही. इथले लोक रोज तिनं कामाला जातात. दुपार मोकळी आहे, तर खरेदी करा.

"अठ्ठावीस सालची?" आप्पा मागून ओरडले. "आणि अजून रोजच्या ड्युटीवर?" त्यांना इतका आनंद झाला की जणू ती त्यांनीच आजवर सांभाळली होती.

मी खरेदीवर काट मारली. तिकिटं तंबाखूच्या दुकानात मिळतात हे विचारून घेतलं, सगळ्यांची घेतली, वर आठ जास्तीची घेतली, स्टॉपवर माणसं उभी केली आणि हजेरी घेतली. तीच ही वर दिलेली हजेरी.

हजेरी संपते न संपते तोच ट्राम आली. आप्पा कुठे आहेत म्हणून बघतेय, तर ते स्टॉपच्या पुढच्या टोकाला ट्रामबरोबर पळत होते. ट्राम थांबली. तिची खिडकी एसटीपेक्षा उंच, पण आप्पाही उंच. त्यांनी चवड्यांवर उभं राहून खांद्यावरचा रुमाल पसरून आत सोडला, एका बाकावर दोन माणसांपुरता. मग पाठ फिरवली आणि हात हलवत आमच्याकडे चालत आले. "झालं काम. चला निवांत."

एसटी असती तर कंडक्टर पान लावत खाली उभा असता. इथं कंडक्टरच नव्हता. दारं मिटली, घंटा वाजली आणि ट्राम आप्पांचा रुमाल घेऊन निघून गेली.

आम्ही सगळे तोंडं उघडी टाकून बघत राहिलो. मी तेवढ्यात गाडीच्या पाठीवरचा नंबर टिपून घेतला, कारण काही हरवलं की आधी नंबर टिपावा. मुल्ला म्हणाले, "गया रुमाल." पाटील सर म्हणाले, "एक रुमालच तर आहे. जाऊ द्या."

आप्पांच्या चेहऱ्यावर चिंतेची रेघ नव्हती. "जाऊंदे की. जागा धरलीया न्हवं? येतीया परत."

"अहो, पण कधी येणार?"

"कवा बी यिना. रूळ सोडून जातीया कुठं?"

मुल्लांनी वाकून रुळांकडे बघितलं आणि मान डोलावली.

लगेच दुसरी ट्राम आली. तशीच जुनी, तशीच नारिंगी, आणि जवळजवळ रिकामी. मी म्हणाले, "आप्पा, चला हिच्यात. भरपूर जागा आहे."

"ती आपली न्हाय, अक्का."

"आपली म्हणजे काय?"

"आपण त्या गाडीत जागा धरलीया. धरून न बसणं म्हंजे फसवाफसवी. तिकडं कोणतरी रुमाल बघून हुबं राहिलं असंल की!"

मग तिसरी गेली, चौथी गेली. परतीच्या गाड्या पलीकडच्या रुळावरून येतात म्हणून मी सगळ्यांना रस्ता ओलांडून तिकडच्या स्टॉपवर नेलं. पाटील सरांनी तेवढ्यात किल्ला बघून घेतला आणि पन्हाळ्यापुढे हा काहीच नाही असा निकाल दिला. आप्पा रस्त्याच्या कडेला, लांब नजर लावून उभे.

गौराक्का बाकावर माझ्याजवळ बसल्या होत्या. मी जरा चिडूनच म्हणाले, "कसलं हे खूळ? कधीपासून आहे?"

त्या आप्पांच्या पाठीकडे बघत बोलल्या. "लगीन झालं आणि नेसरीस्नं कोल्हापूरला पयल्यांदा आलतो. संगं सासू, मामंजी, सगळी मोठी माणसं. गाडीत पाय ठेवाय जागा न्हाय. मला ताप आलता. ह्यांनी ते बघितलंतं. पण नवी बायकू, मोठ्यांच्या म्होरं तिच्यासाठी जागा मागायची म्हंजे लाज. तोंडातनं शब्द काढला न्हाय. गडहिंग्लजच्या पुढं मी चक्कर येऊन खाली पडले." त्यांनी पदर सारखा केला. "दुसऱ्या दिवशी हे बाजारातनं रुमाल घिऊन आले."

मी काही बोलणार, इतक्यात आप्पांनी आरोळी ठोकली. किल्ल्याच्या बुरुजावरची कबुतरं उडाली. "आली! आपली आली!"

मी वहीतला नंबर पडताळला. तीच होती.

ट्राम थांबली. दारं उघडली. पुढच्या दारातून आम्ही एकामागून एक चढलो आणि आत बघून मी खरंच मान खाली घातली. खिडकीखालच्या लांब लाकडी बाकावर आप्पांचा रुमाल होता. कुणीतरी त्याची चौकोनी घडी घालून तो तिथंच ठेवला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. अर्थात सगळीच ट्राम मोकळी होती. पण हे आप्पांना सांगायची कुणाची छाती?

"बघा!" आप्पा म्हणाले. "मुलूख कुठला, भाषा कुठली. पण रुमाल मानला!" ते पुढे जाऊन ड्रायव्हरला नमस्कार करून आले. ड्रायव्हरनेही टोपीला हात लावला. आमच्या आठही जणांची छाती फुगली. कोल्हापूरच्या स्टँडवरचा कायदा मिलानमध्ये लागू झाला होता, आणि तो आमच्या गल्लीनं लागू केला होता.

गौराक्का खिडकीजवळ बसल्या. वारा आत येत होता. आप्पा सवयीनं पितळी दांडी धरून त्यांच्यासमोर उभे.

मी माझा शाळेतला आवाज काढला. "आप्पा, बसा."

"बसतो की. जरा दाटी झाली म्हंजे कुणालातरी..."

"दाटी कुठे आहे? बघा."

आप्पांनी पुढे बघितलं, मागे बघितलं. उभं असलेलं माणूस एकच होतं, ते स्वतः. जागा द्यावी असं जगात कुणीच उरलं नव्हतं. बिचाऱ्यांचा अगदी नाइलाज झाला. ते रुमाल उचलून गौराक्कांच्या शेजारी, बाकाच्या अगदी काठावर, फोटोला बसल्यासारखे टेकले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी गौराक्कांनीच त्यांच्या हातातला रुमाल काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

पुढच्या वळणावर मोठा स्टॉप आला आणि गर्दी आत शिरली. कामावरून सुटलेली माणसं, पिशव्या, पोरं. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी, हातात काठी आणि कोथिंबिरीसारखा कसलातरी पाला. आप्पा स्प्रिंगसारखे अर्धे उठले. गौराक्कांनी फक्त खिडकीबाहेर तोंड केलं.

ते मी बघितलं आणि त्याच क्षणी उभी राहिले. "या आजी, इकडे बसा," मी चक्क मराठीत म्हणाले. म्हातारी बसली. मागून एक बाई मूल घेऊन आली, आप्पांची मान वळली. पाटील सर गुडघा धरून का होईना, पण त्यांच्या आधी उठले. एक गृहस्थ जड पेटी घेऊन आले, मुल्ला उठले. मग मुल्लाभाभी, पाटील वहिनी, विलासराव. आप्पा प्रत्येक वेळी अर्धे उठायचे आणि आमच्यातला कुणीतरी त्यांच्या आधी पूर्ण उठलेला असायचा. शेवटी आम्ही सगळे दांड्या धरून उभे, मिलानची जनता आमच्या जागांवर बसलेली आणि सगळ्या ट्राममध्ये कोल्हापूरची दोनच माणसं बसलेली. म्हातारी 'ग्रात्सिए, ग्रात्सिए' म्हणत माझे आभार मानत होती. शाळेच्या सबंध नोकरीत माझी एखादी योजना इतकी चोख पार पडलेली मला आठवत नाही.

आप्पांनी आमच्याकडे एकदा बघितलं. "तुम्ही सगळी हुबी व्हय? आणि मी बसलोय?"

"आम्हाला बाहेरचं दिसत नाही बसून," पाटील सर म्हणाले.

आप्पा मग हळूहळू मागे सरकले. त्यांची पाठ बाकाला टेकली. ट्राम लाकडाची करकर करत, घंटा वाजवत चालली होती. वारा त्यांच्या पांढऱ्या मिशांवर येत होता. मी तिकिटांचा हिशोब जुळवून वर बघितलं तर त्यांचे डोळे मिटले होते. अजून थोडं पुढे गेल्यावर मान कलली आणि ते एवढं मोठं डोकं गौराक्कांच्या खांद्यावर आलं. तोंड उघडं. घोरणं असं की ड्रायव्हरनं आरशातून मागे बघितलं.

जन्मभर उभं राहिलेला माणूस बसल्यावर झोपणारच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गौराक्का काठीसारख्या ताठ बसल्या होत्या. खिडकीबाहेरून चांगल्या चांगल्या इमारती, दुकानं, कारंजी गेली. त्यांनी मान वळवली नाही. खांदा हलला असता.

हॉटेलजवळचा आमचा स्टॉप आला. मी वहीत कामं आधीच वाटून दिली होती: सगळ्यांच्या पिशव्या मोजणे, विलासराव. बायकांना आधी उतरवणे, पाटील वहिनी. आप्पांना उठवणे, मी. मी दोन पावलं पुढे गेले. गौराक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसती भुवई उचलली. मी मागे झाले. दारं मिटली.

ट्राम शेवटच्या स्टॉपला पोचली, तेव्हा मिलानची माणसं उतरून गेली. ड्रायव्हर मागे आला. आम्ही सगळ्यांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. त्यानं खांद्यावरचं डोकं बघितलं, गौराक्कांकडे बघितलं, काहीतरी पुटपुटला आणि चवड्यांवर परत जाऊन आपल्या जागेवर बसला. पाटील सरांनी सगळ्यांची नवी तिकिटं यंत्रात घालून छापून घेतली, आप्पांचंही. मुल्ला कुजबुजले, "बहेन, आता सगळी सीटं रिकामी हैत. बसू का?" मी म्हणाले, "बसा. पण आवाज न करता."

ट्रामनं वळसा घेतला आणि ती पुन्हा गावाकडे निघाली. मी वही उघडली. पिशव्या झाल्या. तिकिटं झाली. टूर मॅनेजरला कळवून झालं, तो फोनवर बराच वेळ बोलत होता. उरलं होतं एकच काम, माझ्याच नावावरचं, आणि आमचा स्टॉप दुसऱ्यांदा जवळ येत होता. मी वही मिटली आणि खिडकीपाशी बसले.